75 वॅटच्या आत

गुहागर तालुक्यासाठी 1999 हे विजेचं वर्ष होतं. अंजनवेलच्या दाभोळ वीज प्रकल्पाचा 740 मेगावॅटचा पहिला टप्पा त्या वर्षी मे महिन्यात सुरू झाला. ऑक्टोबरात तिकडे अमेरिकेत एनव्हीडियाने जीफोर्स 256 हे कार्ड आणलं आणि त्यावरच्या चिपला जीपीयू असं नाव दिलं. प्रकल्प 2001 मध्ये बंद पडला, पुढे रत्नागिरी गॅस अँड पॉवर या नावाने पुन्हा उभा राहिला. जीपीयूची घोडदौड मात्र एकदाही थांबली नाही. या दोन्ही गोष्टी एकत्र मांडण्याचं कारण सरळ आहे. कोणतं ग्राफिक्स कार्ड आमच्याकडे चालेल आणि कोणतं टिकेल, याचा निकाल इथे कायम विजेनेच लावला.

आमच्याकडे कार्ड लागतं ते लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करणाऱ्या स्टुडिओवाल्यांना, घरांचे नकाशे काढणाऱ्यांना, वेळणेश्वरच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या मुलांना, आणि अर्थातच गेम खेळणाऱ्यांना. बरीच वर्षं ही कार्डं यायची ती मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, गणपतीला किंवा शिमग्याला येणाऱ्या चाकरमान्यांच्या बॅगेतून. मुंबईत कुणी नवं घेतलं की त्याचं जुनं गावाकडच्या भावाला. त्यामुळे जुनं आणि नवं यांची तुलना आम्ही मासिकांत वाचण्याआधीच घरात करत होतो, एकाच डब्यात आज हे आणि उद्या ते लावून.

नोव्हेंबर 2006 मध्ये आलेलं जीफोर्स 8800 जीटीएक्स हा या प्रवासातला मोठा टप्पा. चिपवर 68 कोटी 10 लाख ट्रान्झिस्टर, 128 गणन-घटक, 768 एमबी मेमरी. त्याआधीच्या कार्डांत आकृतीचे कोपरे मांडणारे आणि रंग भरणारे भाग वेगळे असत. या चिपमध्ये ते एकच झाले, म्हणून जिथे काम जास्त तिथे सगळी ताकद वळवता येऊ लागली. त्याच रचनेवर 2007 मध्ये कुडा ही एनव्हीडियाची प्रोग्रामिंगची व्यवस्था आली आणि चित्राशी संबंध नसलेली गणितंही कार्डावर चालू लागली. पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीचं अद्ययावतीकरण झालं, तेव्हा 30 अँटेनांचे संकेत एकमेकांशी जुळवण्याच्या कामात हेच तंत्र उपयोगी पडलं. एका वेळी ऐकता येणारा लहरींचा पट्टा 32 मेगाहर्ट्झवरून 400 पर्यंत गेला, त्यात ग्राफिक्स प्रोसेसरांचा मोठा वाटा आहे. खेळासाठी घडलेली वस्तू महाराष्ट्रात इतक्या मोलाच्या कामाला लागली, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

पण 8800 जीटीएक्स 155 वॅट खायचं. 2005 ते 2008 या भारनियमनाच्या वर्षांत हा आकडा फार मोठा होता. घरोघरी असायचा तो 600 व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात देतो 360 वॅटच्या आसपास. हे कार्ड, 65 वॅटचा प्रोसेसर, जाडजूड काचेचा मॉनिटर आणि बाकीचे भाग मिळून गाडी थेट काठावर. लाईट गेली की यूपीएस किंचाळायचा आणि रेंडर होत असलेली फाईल हातची जायची.

आता याच कार्डाशेजारी 2016 मध्ये दुकानांत आलेलं जीटी 710 ठेवा. ते फक्त 19 वॅटचं. कागदावरची गणनशक्ती पाहिली तर 8800 जीटीएक्सची सुमारे 345 गिगाफ्लॉप्स आणि जीटी 710 ची 366. म्हणजे दहा वर्षांत तेच काम आठव्या हिश्शाच्या विजेत. हे वाचून कुणीही जुनं कार्ड भंगारात देईल. पण मेमरीकडे पाहिलं की चित्र पालटतं. जुन्याची मेमरी सेकंदाला 86.4 जीबी माहिती पुरवते, नव्याची डीडीआर3 मेमरी 14.4 जीबी, बरोबर एक षष्ठांश. आंब्याच्या पेट्या भरायला दहा माणसं बसवावीत आणि बागेतून आंबा आणायला एकच असावा, तशी जीटी 710 ची स्थिती. रिझोल्यूशन वाढवलं की ते आणखी अडखळतं. व्हिडिओ पाहायला आणि दुसरा मॉनिटर जोडायला ते चांगलं आहे, पण नवं कार्ड म्हणून ते गेमसाठी घेणाऱ्या मुलांचे पैसे वाया गेले, याची हळहळ आजही वाटते.

खरं वळण आलं फेब्रुवारी 2014 मध्ये, जीटीएक्स 750 टीआयच्या रूपाने. मॅक्सवेल रचना, 640 कोअर, 60 वॅट. मेमरीचा वेग 86.4 जीबी, म्हणजे 8800 जीटीएक्सइतकाच, पण गणनशक्ती जवळजवळ चौपट. शिवाय चिपमध्येच 2 एमबीची कॅश, त्यामुळे मेमरीकडे हेलपाटे कमी. मदरबोर्डचा स्लॉट जास्तीत जास्त 75 वॅट पुरवतो. हे कार्ड त्यातच भागवत असल्याने वेगळी वायर जोडायची गरज नव्हती. लेबलवर 450 वॅट छापलेल्या स्वस्त एसएमपीएसवरही ते निमूट चालायचं, आणि लाईट गेल्यावर फाईल सेव्ह करून कॉम्प्युटर नीट बंद करायला वेळ मिळायचा. कमी उष्णतेचा आणखी एक फायदा इथे फार मोलाचा. पंखा जितका जोरात फिरतो तितकी समुद्राची दमट, खारी हवा आत ओढतो. पावसाळ्यानंतर कार्ड काढून त्याच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने पुसणं, हीटसिंकमधली चिकट धूळ काढणं आणि वाळलेली पेस्ट बदलणं, एवढं केलं तर जुनं कार्डही पुन्हा आपल्या मूळ वेगाने चालतं. जुन्यानव्याची तुलना करण्याआधी ही सफाई झालीच पाहिजे, नाहीतर तुलना कार्डांची न होता धुळीची होते.

75 वॅटच्या आतली हीच वाट पुढे चालू राहिली. 2016 मध्ये 1050 टीआय, 2.1 टेराफ्लॉप्स. 2019 मध्ये 1650, सुमारे 3. फेब्रुवारी 2024 मध्ये 6 जीबीचं आरटीएक्स 3050, 70 वॅटमध्ये 6.8. दहा वर्षांत कागदावर पाचपट. मेमरीचा वेग मात्र 86.4 वरून 168, म्हणजे दुप्पटही नाही. त्यात 3050 च्या अँपिअर रचनेत कोअर मोजण्याची रीतच बदलली, म्हणून 1650 वरून 3050 वर गेल्यावर आकडा दुपटीहून वाढतो, गेममधल्या फ्रेम तितक्या वाढत नाहीत. तरीही स्वस्त एसएमपीएसवाल्या घरांसाठी याहून चांगलं नवं कार्ड मला दिसत नाही.

मोठ्या कार्डांची गोष्ट निराळी. 2022 चं आरटीएक्स 4090 हे 450 वॅटचं, 2025 चं आरटीएक्स 5090 हे 575 वॅटचं. दर वॅटमागे त्यांचं काम उत्तम आहे, हे मान्यच करायला हवं. पण आमच्या 600 व्हीएच्या यूपीएसवर त्यांतलं एकही एकटंसुद्धा चालणार नाही.

750 टीआयच्या मॅक्सवेल आणि 1050 टीआयच्या पास्कल रचनेच्या कार्डांसाठी गेमचे नवे ड्रायव्हर ऑक्टोबर 2025 पासून थांबवण्याचं आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या 2028 पर्यंत देण्याचं एनव्हीडियाने जाहीर केलं. 750 टीआयला ही साथ अकरा वर्षं मिळाली. 8800 जीटीएक्सला नवे ड्रायव्हर 2016 नंतर मिळालेच नाहीत.

सध्या मुलं विचारतात ते 3060 घ्यावं की 4060. 2021 च्या 3060 ला 12 जीबी मेमरी आणि सेकंदाला 360 जीबीचा वेग, पण 170 वॅट. 2023 च्या 4060 ला 8 जीबी आणि 272, पण मोठ्या कॅशमुळे गेममध्ये ते पुढे, तेही 115 वॅटमध्ये. नुसते गेम असतील तर मी 4060 सांगतो. घरच्या घरी एआयची मॉडेल चालवून शिकायचं असेल, तर 8 जीबी लवकर भरते. त्या मुलांनी 12 जीबीचं 3060 घ्यावं, आणि सोबत चांगला एसएमपीएस घ्यायला पैसे राखून ठेवावेत.