पाव्हण्यांनी दाखवलेली वाचनालयं



गळीत हंगाम आटोपला, शेवटची मोळी गेली आणि खोडव्याला पाणी दिलं, की आमची एक वारी ठरलेली असते. डोंबिवलीला लेकीकडं आठ दिवस. तिचे सासरे रेल्वेतून निवृत्त झालेले, आम्ही ऊसवाले. शेतीचं बोलणं दोन दिवसांत संपतं. पण दोघांनाही पुस्तकांचा आणि हिंडण्याचा नाद, त्यामुळं उरलेले सहा दिवस कमी पडतात.

यंदा ते म्हणाले, "आबा, चला, कल्याण-ठाण्याची वाचनालयं दाखवतो."

कल्याणला आगगाडी १८५४ साली आली आणि दहाच वर्षांनी, १८६४ साली, तिथं सार्वजनिक वाचनालय उभं राहिलं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १ जून १८९३ चं. ते काढण्यात पुढाकार होता विनायक लक्ष्मण भावे यांचा. त्या वेळी त्यांचं वय अवघं एकवीस! पुढं जुन्या पोथ्या धुंडाळून त्यांनी 'महाराष्ट्र सारस्वत' लिहिलं. आपण शेअर्सची रक्कम भरली तशी तिथल्या लोकांनी वर्गणी भरली. पुस्तकाचं एक बरं असतं, कितीही जणांनी वाचलं तरी उतारा घटत नाही.

परतीच्या लोकलमध्ये व्याह्यांनी पिशवीतून 'माझा प्रवास' काढलं. वरसईचे विष्णुभट गोडसे भिक्षुकी करणारे. घरावर कर्ज झालेलं. मथुरेला बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, तिथं दक्षिणा मिळेल, या आशेनं ते १८५७ साली निघाले आणि नेमके बंडाच्या धामधुमीत सापडले. झाशी पडली तेव्हा ते तिथं होते. दक्षिणेचा पैसा लुटारूंनी नेला. घरी आणली ती गंगेची कावड. कर्ज फेडायला निघालेला माणूस रिकाम्या हातानं परत येतो, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

"पण हे लिहिलं कसं काय त्यांनी?" मी विचारलं.

"लिहायला लावलं म्हणून. चिंतामण विनायक वैद्यांनी. ते आमच्या कल्याणचेच. गोडसेभटजींनी सगळं मोडीत लिहून दिलं, आणि ते गेल्यावर १९०७ साली वैद्यांनी छापलं."

मी गप्प झालो. मनात कल्याणचा फलाट येत होता.

याच फलाटावर १९६८ साली माझे वडील आणि आई रात्रभर बसले होते. काशीला निघालेले. कर्जतकडून आलेली गाडी सोडायची आणि उत्तरेची धरायची, तर ती चुकली. ही हकिकत वडील गुऱ्हाळावर काहिलीपाशी बसून सांगायचे. गुळव्यासुद्धा ढवळायचं विसरायचा. फलाटावर कुणी भाकरी दिली, गंगेत बुडी मारताना कुणाचा हात धरला, येताना पैसे संपले तर काय विकलं, हे सगळं त्यात असायचं. आम्ही शंभरदा ऐकलं. वही एकदाही काढली नाही. वडील गेले, आता मला त्यातलं निम्मंही धड आठवत नाही. विकलं ते घोंगडं होतं की तांब्या, यावर आम्हा भावांत वाद आहे.

एवढी पुस्तकं वाचणारा मी. घरातलंच एक पुस्तक माझ्या हातून गेलं, त्याचा दोष कुणाला देऊ?

डोंबिवलीहून निघताना व्याह्यांनी दोनशे पानी वही हातात ठेवली. काही बोलले नाहीत. रेल्वेची माणसं वेळेवर शिट्टी देतात, तसंच.

आईला आता कमी ऐकू येतं. गावी आल्यावर जेवणं झाली, तिच्या कानाशी तोंड नेऊन म्हटलं, "आई, काशीचं सांग. मी लिहून घेतो."

ती वहीकडं बघत राहिली. मग पदर सावरून म्हणाली, "त्ये कल्यानपासनं सांगू, का घरातनं निघाल्यापासनं?"

"घरातनं," मी म्हटलं.

"मग आदी म्हस कुनाकडं बांधली, त्ये लिव्ह."