कवेलू फेरताना

30 एप्रिल. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची जयंती. अमरावती जिल्ह्यात हा दिवस ग्रामजयंती म्हणून पाळतात, आणि तिवसा तालुक्यातल्या या गावाला तर महाराजांचा मोझरीचा गुरुकुंज आश्रम जवळच आहे. पहाटेचं सामुदायिक ध्यान आटोपलं आहे. रामधून गावातून निघाली आहे. गल्ल्या काल रात्रीच झाडून ठेवलेल्या, दारोदारी सडा, रांगोळ्या. भगव्या टोप्या घातलेले गुरुदेव सेवक पुढे, खंजिरी वाजवणारी पोरं मध्ये, बाया मागे. मिरवणूक शेवटच्या गल्लीत येते आणि एका पडक्या घरापुढे थांबते. खंजिऱ्या ओट्यावर ठेवल्या जातात आणि हातांत घमेली, पावडी, सब्बल येतात. लवकर सुरू करायला हवं. अकरानंतर छपरावर पाय ठरणार नाही.

घर मातीचं, देशी कवेलूंचं. म्हातारी एकटी राहते. मागची भिंत पोट काढून उभी आहे आणि छपराला मधोमध झोळ पडला आहे. आत चुलीशेजारी पातेली मांडलेली दिसतात. ती स्वयंपाकाची नाहीत. गेल्या पावसाळ्यात गळतीखाली ठेवली, ती तिथेच राहिली.

"आजी, तुमी सावलीत बसा," एक पोरगा म्हणतो.

"मी काहून बसू? घर माह्यं हाय," म्हणत ती पदर खोचते आणि माती कालवायला बसलेल्या बायांत जाऊन मिसळते.

शिडी लागते. सगळ्यांत आधी वर चढतात ते सत्तरीचे एक आजोबा. चढू नका असं त्यांना कोणी म्हणत नाही, कारण कवेलू फेरणारा हात गावात आता त्यांचाच उरला आहे. मागून दोन पोट्टे चढतात. "पाय बल्लीवर ठेव रे, कवेलूवर नोको ठेवू," वरून आवाज येतो. आजोबा एकेक कवेलू उचलतात, बोटाच्या पेराने वाजवून बघतात. खणखणीत वाजला तो डावीकडे, बद्द वाजला तो खाली. फुटके जास्त निघतात. हा वानरांचा प्रताप आहे. चिंचेवरून छपरावर टोळी उतरली की कवेलू सरकतात, फुटतात, आणि त्या फटीतून पावसाचं पाणी थेट भिंतीच्या डोक्यात मुरतं. मातीची भिंत वरून भिजली की खालून फुगते. पडायचं कारण पोटात दिसतं, पण रोग माथ्यावर असतो.

कवेलूंखालून काय काय निघतं! चिमण्यांची घरटी, उंदरांनी ओढून नेलेला कापूस, कुजलेल्या कमच्या. एक विंचू निघतो तेव्हा छपरावरचे दोन्ही पोट्टे एकदम बल्लीला चिकटतात आणि खाली हशा पिकतो. आजोबा चिमट्याने विंचू उचलून बाजूला करतात. मग नव्या कमच्या बांधल्या जातात, आणि मांडणी सुरू होते: एक ओळ उताणी, तिच्या सांध्यावर दुसरी पालथी. उताणीतून पाणी वाहतं, पालथी सांधा झाकते. कवेलू नवे कुठून आणायचे? कुंभार आता ते थापत नाहीत. म्हणून गुरुदेव सेवा मंडळाच्या पोरांनी गावात जिथे जिथे जुनी घरं पाडून स्लॅब पडले, तिथले कवेलू वर्षभर मागून आणून शाळेमागे रचून ठेवले आहेत. ट्रॅक्टरची ट्रॉली ते घेऊन येते, आणि हातोहात कवेलू वर जाऊ लागतात.

शेजारी पक्कं घर आहे. त्याच्या स्लॅबची पन्हाळ नेमकी म्हातारीच्या भिंतीवर उघडते. घरमालक गच्चीवरून बघतो आहे. दोन्ही घरांत बोलणं नाही, हे मला शेजारची बाई कानात सांगते. आजोबा छपरावरूनच म्हणतात, "भाऊ, तुही पन्हाळ वळव. नाही तं हे आमची मेहनत पान्यात जाते." सगळी गल्ली वर बघते. तो काही बोलत नाही, आत जातो. थोड्या वेळाने प्लॅस्टिकचा पाइप आणि कोपऱ्याचा एल्बो घेऊन उतरतो आणि मुकाट्याने जोडायला लागतो. म्हातारी त्यालाही पन्हं देते. त्याच्याशी ती बोलत नाही, पण पेला मात्र गच्च भरते.

हिला घरकुल योजनेत घर मिळत नाही का, असं मी विचारतो. प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट प्रदेशातल्या ग्रामीण घराला 1 लाख 20 हजार रुपये मिळतात. पण ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर अजून तिच्या मेलेल्या सासऱ्याचं नाव आहे, आणि वाटेकरी दीर पुण्याकडे. कागद जुळत नाहीत तोवर घरकुल नाही. मंडळातला एक शिक्षक तो कागदही हाती घेऊन बसला आहे. ओसरीत बसून दिराला फोन लावतो आहे. मला हे काम भिंतीच्या छपाईइतकंच महत्त्वाचं वाटतं. श्रमदानाने छप्पर नीट होईल, हक्क मिळणार नाही.

तुकडोजी महाराजांची ग्रामगीता 1955 ची, 41 अध्यायांची, आणि ती अर्पण केली आहे ग्रामदेवतेला. इथे ग्रामदेवता म्हणजे गावच. त्यामुळे या लोकांना खंजिरी खाली ठेवून घमेलं उचलताना भजन सोडून दुसरं काही करतो आहोत असं वाटत नाही. तरी एक बाई सर्वांसमोर विचारते, "पुढच्या साली तिकडच्या मोहल्ल्यातलं घर घ्याल ना?" गावाच्या त्या टोकाला आजची रामधून गेलेली नाही. क्षणभर कोणी उत्तर देत नाही. मग शिक्षक फोन बाजूला ठेवून वही काढतो आणि तिच्यासमोर ते घर लिहून घेतो. श्रद्धेची परीक्षा त्या वहीत आहे.

साडेदहाला शेवटची ओळ बसते. बाया कुटार घातलेल्या गाऱ्याने भिंत छापून काढतात. ओट्यावर आलू-वांग्याची भाजी आणि पोळ्यांची पंगत बसते. पन्हाळवाला शेजारीही बसतो.

स्लॅबच्या घराला कोणाचा हात लागत नाही. कवेलूचं घर मात्र दरवर्षी माणसं मागतं. गावातली बाकी छपरं पक्की झाली, तेव्हा एकमेकांकडे जायचं कारण संपलं, आणि जिचं छप्पर कच्चं राहिलं ती एकटी पडली. मंडळ इथे घर तर नीट करतंच आहे, पण जास्त मोलाचं म्हणजे ते जायचं कारण परत निर्माण करतं आहे. आज फेरलेले कवेलू पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा फेरावे लागतील. तोवर त्या दोन पोट्ट्यांनी आजोबांचा हात उचलला पाहिजे. नाही तर शाळेमागे कवेलू रचलेले राहतील आणि चढणारं कोणी नसेल.