पावसाचे पाणी मलवाहिनीत नको

घरातील सांडपाणी आणि पावसाचे पाणी यांच्यासाठी जमिनीखाली दोन स्वतंत्र जाळी ज्या शहरांत आहेत, तेथे मलवाहिनी मैलापाणी प्रक्रिया केंद्राकडे नेते, तर पर्जन्यजल वाहिनी पावसाचे पाणी प्रक्रियेविना नदीनाल्यात सोडते. मलवाहिनीचा व्यास माणसांच्या रोजच्या वापरावरून ठरवलेला असल्याने पावसाचा लोंढा तिच्यात सामावत नाही.

उत्तर अमेरिकेच्या थंड प्रदेशांत घराला तळघर असते. त्याच्या पायाभोवती पुरलेल्या सच्छिद्र नळांतून झिरपलेले पाणी फरशीतील खड्ड्यात, म्हणजे संपमध्ये, जमते आणि पातळी वाढली की तरंगकामुळे पंप आपोआप सुरू होऊन ते बाहेर टाकतो. हे पाणी अंगणात सोडणे योग्य असते. परंतु सांडपाण्याचा नळ जवळच असल्याने पंपाची नळी त्यालाच जोडली जाते. कमी उताराची, 20 सेंटीमीटर व्यासाची मलवाहिनी मिनिटाला सुमारे 1300 लिटर पाणी वाहून नेते आणि साधा पंप मिनिटाला सुमारे 150 लिटर पाणी उपसतो. त्यामुळे शे-दोनशे घरांचे सांडपाणी पेलणारी वाहिनी आठ-नऊ पंपांनीच तुडुंब भरते. मग मैलापाणी उलटे चढून सखल भागातील घराच्या तळघरात, फरशीच्या जाळीतून वर येते. पंप जोडणाऱ्याचे तळघर मात्र कोरडे राहते, आणि हाच यातील खरा अन्याय आहे.

मिशिगनमधील ॲन आर्बर शहरात जुन्या घरांच्या पायाचे नळ त्या काळच्या रीतीप्रमाणे थेट मलवाहिनीला जोडलेले होते. 2001 पासून शहराने ते तोडून घरोघरी संप पंप बसवण्याची योजना राबवली. पण वीज गेली की पंप बंद पडणार, ही धास्ती रहिवाशांच्या वाट्याला आली, 2012 मध्ये योजना थांबवण्यात आली आणि पुढे वाद न्यायालयात गेला. सार्वजनिक वाहिनीचा भार खासगी तळघरावर टाकताना देखभालीचा खर्च कोणी सोसावा, हे आधीच ठरायला हवे.

चुकीची जोडणी शोधण्यासाठी मलवाहिनीत निरुपद्रवी धूर सोडतात. तो एखाद्या छताच्या पन्हळीतून निघाला, तर तेथील पावसाचे पाणी मलवाहिनीत जाते हे उघड होते.

मुंबईतही ही दोन जाळी वेगळी आहेत. रस्त्यावर पाणी तुंबले की जवळचे मॅनहोल उघडले जाते. ते मलवाहिनीचे असेल, तर तिच्यावर आणि पुढच्या उदंचन केंद्रावर भलताच भार येतो आणि गढूळ पाण्याखाली न दिसणारे ते भोक पादचाऱ्याच्या जिवावर बेतते. सोसायटीच्या तळघरातील वाहनतळाचे पाणी उपसतानाही पंपाची नळी पर्जन्यजल वाहिनीतच सोडली पाहिजे.