दिवा लागला, पण ओळख पटेना!

समजा, लोणार तालुक्यातल्या सुलतानपूरला सुट्टीत सगळी भावंडं जमली आहेत. एरवी "आता कुठं राहिला माझा आवाज?" म्हणणारी आजी चक्क जात्यावरच्या ओव्या म्हणायला तयार झालीय. संगणक चालू आहे, यूएसबी मायक्रोफोन जोडलाय, त्याचा दिवाही लागलाय. आणि पडद्यावर काय, तर हे उपकरण ओळखता येत नाही!

हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या पुढाकारानं महाराष्ट्राच्या खेड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या गेल्या. पण तुमच्या आजीच्या ओव्या त्यात असतीलच असं नाही. तेव्हा आधी मोबाइलवर तिचा आवाज टिपून घ्या आणि मग दुरुस्तीला बसा.

दिवा लागूनही ओळख का पटत नाही? गंमत अशी, की साध्या यूएसबी वायरीत चार तारा असतात. दोन तारा ५ व्होल्टची वीज नेतात, उरलेल्या दोन बोलणं नेतात. दिवा लागायला पहिल्या दोन पुरतात!

बोलणं कसलं? वर्गात नवा मुलगा आला की गुरुजी नाव-गाव विचारून हजेरीत क्रमांक देतात ना, तसंच. संगणक विचारतो, "तू कोण?" मायक्रोफोन आपल्या कंपनीचा क्रमांक, स्वतःचा क्रमांक सांगतो आणि "मी आवाजाचं काम करतो" हेही सांगतो. संगणक त्याला १ ते १२७ मधला एक क्रमांकही देतो. ही पद्धत १९९६ मध्ये आली. ती घडवणाऱ्यांत इंटेल कंपनीतले अजय भट्ट प्रमुख होते. गायकवाडांच्या बडोद्यात शिकलेले, बरं का! त्याआधी माऊस, कीबोर्ड, प्रिंटर, प्रत्येकाची जोडणी वेगळी असायची.

म्हणून पहिला संशय वायरीवर घ्यायचा. काही स्वस्त चार्जिंगच्या वायरींत बोलण्याच्या तारा नसतातच. ज्या वायरीनं मोबाइलमधले फोटो संगणकात येतात, ती बसत असेल तर लावून पाहा. मध्ये हब असेल तर तो काढा, मायक्रोफोन थेट संगणकाला जोडा. मोठा संगणक असेल तर मागच्या बाजूला. तरीही नाही? मग तोच मायक्रोफोन, तीच वायर शेजारच्यांच्या संगणकाला लावा. तिथं चालला तर दोष आपल्या संगणकात. विंडोज असेल तर 'डिव्हाइस मॅनेजर'मधून त्याची नोंद काढून टाका, मायक्रोफोन उपसा, संगणक बंद करून पुन्हा चालू करा आणि मग जोडा. म्हणजे चौकशी पहिल्यापासून होते. आईबाबांना एक सांगणं: बहुतेक यूएसबी मायक्रोफोनना वेगळा ड्रायव्हर लागत नाही. कुठल्यातरी अनोळखी ठिकाणाहून तो उतरवून घेऊ नका.

कधीकधी ओळख पटते, पण अर्धवट. ज्या मायक्रोफोनला हेडफोन लावायची सोय असते, त्याला संगणक स्पीकरही समजतो आणि मग गाणी त्यातच जातात. खोलीतला स्पीकर मुका! अशा वेळी आवाजाच्या सेटिंगमध्ये 'इनपुट'ला मायक्रोफोन आणि 'आउटपुट'ला आपला स्पीकर निवडायचा. प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये मायक्रोफोन वापरायची परवानगी आहे ना, तेही बघा. आणि हो, काही मायक्रोफोनवर आवाज बंद करायचं एक छोटंसं बटण असतं. सगळं खोलून बसण्याआधी त्याच्याकडे एकदा नजर टाका!