मंगळ, मुक्काम पोस्ट हँक्सव्हिल

अमेरिकेतल्या युटा राज्याच्या वाळवंटात एक पांढरे, गोल, दुमजली घर आहे. तिथे रोज संध्याकाळी सहा-सात माणसे जेवणाच्या टेबलाभोवती लॅपटॉप उघडून बसतात आणि पृथ्वीला अहवाल पाठवतात. पथकप्रमुख दिवसाचा गोषवारा लिहितो. बाहेर फिरून आलेले लोक कुठल्या टेकडीवर गेले, काय गोळा केले ते लिहितात. हरितगृह सांभाळणारा किती पालेभाजी निघाली ते कळवतो. पथकातला वार्ताहर जरा रंगवून लिहितो. अभियंत्याच्या वाट्याला मात्र एक तक्ता येतो, आणि तो रोज तसाच असतो. टाकीत किती गॅलन पाणी उरले, आज किती वापरले, टाकीच्या पाइपाचा हीटर चालू की बंद, संडासाची टाकी उपसली का, कुठली गाडी किती तास चालली, निघताना बॅटरी किती भरलेली होती आणि परतताना किती उरली, हेल्मेटचे पंखे फिरतात का, रेडिओला आवाज येतो का. तळाशी शेवटचा रकाना: काही अडचण, काही हवे आहे का?

या ठिकाणाचे नाव मार्स डेझर्ट रिसर्च स्टेशन. मंगळावर राहायला गेल्यावर माणसे दिवस कसा काढतील याची पृथ्वीवरच तालीम करण्यासाठी ते उभारले आहे. तिथले रोजचे अहवाल कोणालाही वाचायला खुले असतात. अंतराळातल्या वसाहतींची भव्य चित्रे पाहून ज्याला कंटाळा आला असेल त्याने अभियंत्याचा हा तक्ता जरूर वाचावा. सोलापूरच्या वाचकाला तर तो परका वाटणारच नाही. ज्या गावात नळाला काही दिवसांआड पाणी येते, तिथे टाकीत किती पाणी आहे हे घरातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते.

अधिकृत इतिहास थोडक्यात असा. रॉबर्ट झुब्रिन या अभियंत्याने १९९८ मध्ये मार्स सोसायटी नावाची स्वयंसेवी संस्था काढली. तिचे पहिले केंद्र २००० साली कॅनडाच्या उत्तर टोकाकडे, डेव्हन बेटावरच्या हॉटन विवराकाठी उभे राहिले. उभे राहिले म्हणण्यापेक्षा कसेबसे उभे केले, हे जास्त खरे. सामान विमानातून पॅराशूटने टाकले जात होते. त्यातली एक खेप पॅराशूटपासून सुटून आदळली. मजल्याचे भाग आणि क्रेन दोन्हींचा चुराडा झाला. पगारी कामगार निघून गेले. उरलेल्या स्वयंसेवकांनी हाताशी होते त्या लाकडावर आणि दोरांवर इमारत उभारली. मंगळाच्या तालमीला यापेक्षा चांगला शुभारंभ मिळाला नसता. युटातले दुसरे केंद्र २००२ च्या फेब्रुवारीत सुरू झाले आणि पहिल्या पथकाचा प्रमुख झुब्रिनच होता. आजवर तीनशेहून अधिक पथके तिथे राहून गेली. बहुतेक पथके दोन आठवड्यांची असतात. २०१६ मध्ये ‘मार्स १६०’ या मोहिमेचे पथक मात्र ऐंशी दिवस राहिले आणि पुढच्या उन्हाळ्यात उत्तरेच्या बेटावर गेले. त्या पथकात अनुश्री श्रीवास्तव ही भारतीय खगोलजीवशास्त्रज्ञ होती.

घराचा व्यास सुमारे आठ मीटर. खाली संडास, न्हाणी, पोशाख चढवण्याची खोली आणि बाहेर पडायचा दुहेरी दरवाजा. वर स्वयंपाकघर, एकच सामाईक टेबल आणि जेमतेम पाय पसरता येतील एवढ्या झोपण्याच्या खोल्या. भोवती हरितगृह, घुमटाकार प्रयोगशाळा, दोन वेधशाळा आणि दुरुस्तीची खोली. ही दुरुस्तीची खोली म्हणजे चिनूक जातीच्या जुन्या हेलिकॉप्टरचा सांगाडा आहे. पूर्ण आवारात सर्वांत मंगळाला शोभणारी वस्तू हीच, कारण मंगळावर कोणी गेले तर मोडीतून संसार थाटण्यावाचून गत्यंतर नाही.

या केंद्राचा एक नियम सगळ्यांना पाळावा लागतो, त्याला तिथले लोक ‘सिम’ म्हणतात. सिममध्ये असताना बाहेरची हवा विषारी आहे आणि दाब जवळजवळ शून्य आहे असे मानून चालायचे. बाहेर जायचे तर पोशाख, हेल्मेट, पाठीवर पंख्याची पिशवी आणि रेडिओ. दुहेरी दरवाजात पाच मिनिटे उभे राहायचे, दाब कमी होतो आहे अशी कल्पना करून. खरे तर पोशाखात दाब नसतो, हेल्मेटमध्ये पंखा नुसती बाहेरची हवा ढकलतो. इमारतींना जोडणाऱ्या वाटाही वर आडोसा टाकलेल्या पायवाटाच, पण त्या ‘बंद बोगदे’ मानायच्या. शहाण्या माणसाला हे हसू येण्यासारखे वाटेल. पहिल्या दोन दिवसांत पथकालाही येत असावे.

पाण्याच्या बाबतीत मात्र नाटक चालत नाही. बाहेरच्या मोठ्या टाकीत पाणी साठवलेले असते, ते पंपाने घरातल्या वरच्या टाकीत चढवायचे आणि तिथून नळाला. केंद्राला नळयोजना नाही. पाणी वाहनावर लादून आणावे लागते. सुमारे अकरा किलोमीटरवर हँक्सव्हिल नावाचे छोटेसे खेडे आहे. हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबर ते एप्रिल-मे, म्हणजे कडाक्याच्या थंडीचे महिने त्यातच येतात. थंडीत पाइप गोठतो, म्हणून तक्त्यात पाइपाच्या हीटरसाठी वेगळा रकाना. हीटर लावायचा तर वीज हवी. वीज सौर पॅनेलांची आणि बॅटऱ्यांची, त्या कमी पडल्या की जनरेटर. म्हणजे ढगाळ दिवशी अंघोळीचा प्रश्न थेट आकाशाशी जोडलेला. म्हणून अंघोळ रोज नाही, आणि जी होते तीही झटपट.

हे पाणी आणतो कोण? इथेच या केंद्राची सर्वांत मजेदार अडचण आहे. आवाराजवळ केंद्राची व्यवस्था पाहणारे एक-दोन लोक राहतात. दीर्घकाळ हे काम शॅनन रुपर्ट या परिसंस्थाशास्त्रज्ञ संचालिकेने पाहिले. पाणी भरणे, जनरेटर बघणे, तुंबलेले मोकळे करणे, पुढच्या पथकासाठी किराणा लावणे ही कामे हेच लोक करतात. पण मंगळावर टँकरवाला नसतो! म्हणून पथकाने त्यांच्याकडे पाहायचे नाही, पाहिले तरी मनात धरायचे नाही. खिडकीबाहेर एक माणूस साध्या कपड्यांत, हेल्मेटशिवाय, पाइप हातात घेऊन उभा असतो आणि आत बसलेले सहा जण तो नाहीच असे मानतात. आपल्याकडच्या मोठ्या घरांतून, संस्थांतून पाणी भरणाऱ्याकडे लोक कसे पाहतात हे ज्याने पाहिले आहे, त्याला हे दृश्य मंगळावरचे वाटणार नाही.

अभियंत्याची गोष्ट त्याच्या उलट. जनरेटर बंद पडला, पंप हवा ओढू लागला, तर त्याला पोशाख न घालता धावावे लागते. याला सिम मोडणे म्हणतात आणि ते प्रामाणिकपणे नोंदवायचे असते. नासानेही ह्यूस्टनच्या जॉन्सन अंतराळ केंद्रात अशीच तालीम केली. त्रिमितीय मुद्रणाने बांधलेल्या १५८ चौरस मीटरच्या घरात चार जण २५ जून २०२३ ते ६ जुलै २०२४ असे ३७८ दिवस राहिले. तिथे यंत्रांचे बिघाड अभ्यासासाठी मुद्दाम घडवले जातात. युटात बिघाड घडवावे लागत नाहीत, ते आपणहून येतात. अभ्यासाची शिस्त नासाकडे जास्त, पण पंप कधी बंद पडेल हे कोणीच ठरवलेले नाही, ही गोष्ट मंगळाच्या जास्त जवळची आहे.

आता मातीकडे. केंद्राभोवतीच्या लाल, जांभळ्या, राखाडी टेकड्या ज्युरासिक काळातल्या मॉरिसन थरांच्या आहेत. जवळच डायनासोरच्या हाडांची खाण सापडली आहे, त्यामुळे ‘मंगळावर’ फिरताना पायाखाली डायनासोर असण्याचा संभव असतो. या थरांतल्या मातीत स्मेक्टाइट गटाची चिकणमाती भरपूर आहे. पाणी लागले की ती फुगते, वाळली की आक्रसून भेगाळते. सोलापूर-मंगळवेढ्याच्या काळ्या रानात हाच गुण असलेली माती ज्वारी पिकवते. पावसाळ्यात तिच्यात बैलगाडी रुतते आणि उन्हाळ्यात भेगांत हात जातो. युटातही पाऊस पडला की रस्त्यांचा चिखल होतो, चाके आणि बूट जड होतात, मोहिमा रद्द होतात. पथके तेव्हा घरात बसून अहवाल लिहितात. मंगळावरही स्मेक्टाइट सापडली आहे आणि तिथे कधीकाळी पाणी होते याच्या पुराव्यांपैकी ती एक.

खडकाच्या हिशेबाने मात्र मंगळाचा खरा नातेवाईक युटा नव्हे. मंगळाचे कवच बहुतांशी बेसॉल्टचे आहे, आणि महाराष्ट्राचा बराच मोठा भाग बेसॉल्टवर बसला आहे. बुलढाणा जिल्ह्यातले लोणार, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे, बेसॉल्टमध्ये उल्कापाताने झालेले विवर; म्हणून मंगळावरची विवरे समजून घ्यायला जगभरचे अभ्यासक तिथे येतात.

जाता जाता जेवणाचे सांगायला हवे. पथकांना सुकवलेले, टिकाऊ पदार्थ दिले जातात: पाणी घालून फुगवायच्या भाज्या, पिठे, डबाबंद जिन्नस. पाव घरीच भाजतात, ताजे म्हणून हरितगृहातली पालेभाजी. सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगाचटणी कोणी त्या कपाटात ठेवली आहे का, ते अहवालांत आढळत नाही. ठेवायला हरकत नाही. महिनोन् महिने टिकते, शिजवायला पाणी लागत नाही आणि सांडलवंडही कमी.

हसण्यासारखे हे एवढेच. बाकीची यादी गंभीर आहे. २०१४ च्या अखेरीस युटाच्या हरितगृहाला आग लागली आणि ते नष्ट झाले. कोणाला इजा झाली नाही आणि हरितगृह पुन्हा उभारले गेले, पण सहा माणसांच्या वस्तीत ज्वलनशील छताखाली हीटर चालवणे म्हणजे काय, हे सगळ्यांना कळले. हवाई बेटांवर मौना लोआच्या उतारावर हाय-सीज नावाचे असेच केंद्र आहे. तिथे २०१५-१६ मध्ये सहा जण वर्षभर राहून दाखवतात, आणि त्याच ठिकाणी फेब्रुवारी २०१८ मधली मोहीम चौथ्या दिवशी संपते. ढगाळ हवेने सौरवीज कमी पडली, वीज पूर्ववत करण्याच्या खटपटीत एकाला धक्का बसला, त्याला रुग्णालयात न्यावे लागले. त्याला हलवता आले, कारण रुग्णालय पृथ्वीवर होते. मंगळावर काही पोहोचवायची साधी संधीही २६ महिन्यांनी येते. तिथून विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर यायलाही कमीत कमी सहा मिनिटे आणि जास्तीत जास्त पाऊण तास लागतो, तोही प्रकाशाच्या वेगाने.

आणि ही केंद्रे बहुतेक ठिकाणी स्वयंसेवकांच्या बळावर चालतात. युटात पथके आपला खर्च आपण उचलतात. मोहिमेच्या फोटोसाठी देणगीदार मिळतो, पंपाच्या वॉशरसाठी मिळत नाही. पथक दोन आठवड्यांनी उठून जाते. पाइप, टाकी आणि उपसण्याची घाण मागे राहते. चौदा दिवस उत्साह टिकतो, त्यामुळे चौदा दिवसांच्या पथकांकडून उत्साहाबद्दल फारसे काही कळत नाही. वीसहून अधिक वर्षे एकच जुने घर उभे कसे ठेवायचे, याबद्दल मात्र पुष्कळ कळते. शास्त्रीय नियतकालिकांत ते छापून येत नाही, आणि हे या केंद्राचे दुर्दैव.

भारताने नुकतेच या वाटेवर पाऊल टाकले आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये लेहला इस्रो, आका स्पेस स्टुडिओ, लडाख विद्यापीठ आणि आयआयटी मुंबई यांनी मिळून अशी पहिली मोहीम केली. ३१ जुलै २०२५ रोजी इस्रोचे अध्यक्ष व्ही. नारायणन यांनी लडाखच्या त्सो कार खोऱ्यात ‘होप’ या केंद्राचे उद्घाटन केले. बंगळुरूच्या प्रोटोप्लॅनेट या कंपनीने ते उभारले. राहण्यासाठी आठ मीटर व्यासाचे एक घर, यंत्रसामग्रीसाठी पाच मीटरचे दुसरे. समुद्रसपाटीपासूनची उंची साडेचार हजार मीटर. ऑगस्टच्या पहिल्या दहा दिवसांत दोन जण तिथे राहिले आणि संशोधनात आयआयटी मुंबईसह अनेक संस्था सहभागी होत्या.

जागेची निवड चांगली आहे: थंडी, विरळ हवा, खारट सरोवर, तीव्र अतिनील किरण. चिंता दुसरीच आहे. ऑगस्टचे दहा दिवस ही लडाखची सर्वांत गोड बाजू. जानेवारीत तिथे पाइपाचे काय होते, बॅटरी किती धरते, दार उघडते का, आणि बर्फ पडल्यावर तिथपर्यंत जाऊन ते बघायचा पगार कोणाला मिळतो, हे प्रश्न उद्घाटनाच्या छायाचित्रात येत नाहीत. आपल्याकडे वास्तू उभारायला निधी मिळतो. रखवालदार आणि फिटर पुढच्या अंदाजपत्रकात जातात. युटाचे केंद्र तुटपुंज्या पैशावर टिकले, कारण तिथे कोणीतरी सतत राहत होते.

त्यामुळे इस्रोला आणि या कामातल्या विद्यापीठांना एकच मागणे करावेसे वाटते. त्सो कारच्या केंद्रावर बारमाही राहणारे दोन तंत्रज्ञ नेमावेत आणि त्यांचा रोजचा देखभालीचा तक्ता, पाणी, वीज, बिघाड आणि संडासाच्या टाकीसह, लोकांना वाचायला खुला ठेवावा. सोलापूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतली मुले तो वाचतील, आणि एखादा पंप कसा दुरुस्त करायचा ते तिकडे कळवतीलही.