विश्लेषण : जपानमध्ये इंग्रजीची शिकवणी घ्यायची आहे? आधी विद्यार्थी की आधी परवानगी?

जोडीदाराची टोकियोतल्या आयटी कंपनीत बदली होते, घर लागते, मुलांची शाळा सुरू होते. पुण्या-मुंबईत चांगली नोकरी करणारी पत्नी किंवा पती मात्र अचानक दिवसभर घरी बसतो. जपानी भाषा येत नसल्याने जुन्या क्षेत्रात काम मिळणे अवघड. अशात इमारतीतली एखादी आई विचारते, ‘आमच्या मुलाला इंग्रजी शिकवाल का?’ जपानमधल्या अनेक भारतीय घरांत कामाची सुरुवात या प्रश्नापासून होते. तिथे विद्यार्थी मिळणे फारसे अवघड नाही. पण परवानगीशिवाय पहिली फी हातात घेतली, तर व्हिसाची मुदतवाढ अडचणीत येऊ शकते.

इंग्रजीच्या शिक्षकांना मागणी का आहे?

जपानमध्ये २०२० पासून प्राथमिक शाळेच्या पाचवी-सहावीत इंग्रजी हा गुण दिला जाणारा विषय झाला. तिसरी-चौथीपासून तोंडओळख सुरू होते. टोकियोत सरकारी माध्यमिक शाळांतल्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी २०२२ पासून इंग्रजी बोलण्याची चाचणी घेतली जाते आणि तिचे गुण सरकारी उच्च माध्यमिक शाळेच्या प्रवेशात धरले जातात. शिवाय ‘एइकेन’ ही इंग्रजीची श्रेणी परीक्षा लाखो मुले देतात. नोकरदारांना बढतीसाठी किंवा परदेशातल्या नेमणुकीसाठी ‘टोइक’चे गुण लागतात. शाळेतला वर्ग मोठा असतो आणि बोलण्याचा सराव कमी पडतो. ही उणीव ‘एइकाइवा’ म्हणजे संभाषणाचे खासगी वर्ग आणि घरगुती शिकवण्या भरून काढतात.

डिपेंडंट व्हिसावर काम करता येते का?

थेट नाही. नोकरदाराच्या जोडीदाराला मिळणारा हा व्हिसा फक्त सोबत राहण्यासाठी असतो. काम करायचे तर इमिग्रेशन कार्यालयात ‘व्हिसाबाह्य कामाची परवानगी’ मागावी लागते. अर्जाला शुल्क नाही. परवानगी मिळाली की रेसिडन्स कार्डाच्या मागच्या बाजूला तशी नोंद होते. या सर्वसाधारण परवानगीवर आठवड्याला २८ तासांपर्यंत काम करता येते. ही मर्यादा सगळ्या कामांची मिळून आहे. एका वर्गात १५ आणि दुसऱ्या वर्गात १५ तास शिकवले, तर नियम मोडतो.

कायम रहिवासी आणि जपानी नागरिकांचे किंवा कायम रहिवाशांचे जोडीदार यांना असे बंधन नाही. त्यामुळे ‘माझी मैत्रीण तर शिकवते’ हा दाखला कामाचा नाही; तिच्या कार्डावर काय लिहिले आहे ते महत्त्वाचे.

ही परवानगी खासगी शिकवणीला पुरते का?

बहुतेकांची गफलत इथे होते. २८ तासांची सर्वसाधारण परवानगी प्रामुख्याने पगारी कामासाठी आहे, म्हणजे जिथे मालक हजेरी ठेवतो आणि कामाचे तास दाखवता येतात. घरी विद्यार्थी घेणे हा स्वतःचा व्यवसाय ठरतो. तास मोजणारे कोणी नसल्याने त्यासाठी त्या विशिष्ट कामाचा तपशील देऊन स्वतंत्र परवानगी मागावी लागते. काय शिकवणार, कोणाला, आठवड्यात किती वेळ आणि उत्पन्न किती, हे कागदावर मांडावे लागते.

हाच प्रश्न ‘ग्योमु इताकु’ या करारात येतो. काही एइकाइवा आणि शिक्षक-विद्यार्थ्यांची गाठ घालून देणाऱ्या अनेक संकेतस्थळांवर शिक्षकाला कर्मचारी न मानता कंत्राटदार मानले जाते. काम नोकरीसारखेच दिसते, पण कागदोपत्री तो स्वयंरोजगार असतो. म्हणून सही करण्याआधी ‘हा नोकरीचा करार आहे की ग्योमु इताकु?’ हे विचारावे आणि दुसरा असेल तर इमिग्रेशन कार्यालयात चौकशी करावी. जपानमध्ये बसून घेतलेली ऑनलाइन शिकवणीही सूट समजू नये.

पूर्णवेळ नोकरी हवी असेल तर?

मग व्हिसाचा प्रकार बदलावा लागतो. खासगी भाषा वर्गांसाठी एक आणि शाळांसाठी दुसरा व्हिसा असतो. दोन्हींसाठी साधारणपणे पदवी आणि नोकरी देणारी संस्था लागते. शाळांमध्ये सहायक शिक्षक म्हणून इंग्रजी शिकवायचे, तर व्हिसासाठी किमान १२ वर्षे इंग्रजी माध्यमातून शिक्षण झालेले असावे लागते.

मराठी कुटुंबांसाठी ही अट निर्णायक ठरते. पहिलीपासून इंग्रजी माध्यमात शिकलेल्याची १२ वर्षे बारावीलाच पूर्ण होतात. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून पुढे इंजिनीअर झालेल्याची मात्र अकरावी-बारावी आणि पदवी धरून सहाच वर्षे भरतात. इंग्रजी कितीही चांगले असले तरी हा हिशेब बदलत नाही. ज्यांची वर्षे भरतात, त्यांनी शाळा आणि कॉलेजकडून शिक्षणाच्या माध्यमाचा दाखला भारतातून निघण्यापूर्वीच घेतलेला बरा. २८ तासांच्या परवानगीवर पगारी काम करताना ही अट कायद्याने लागू नाही, पण काही वर्ग ती स्वतःहून घालतात.

सरकारचा ‘जेट’ कार्यक्रम १९८७ पासून परदेशी सहायक शिक्षक आणतो. त्याचे अर्ज मायदेशातल्या जपानी दूतावासामार्फत जातात. आधीच जपानमध्ये राहणाऱ्यांसाठी तो नेहमीचा मार्ग नाही.

‘नेटिव्ह स्पीकर’ ही अट आडवी येते का?

येते. अनेक जाहिरातींत ती स्पष्ट लिहिलेली असते आणि त्यामागे अमेरिकी किंवा ब्रिटिश उच्चारांची अपेक्षा असते. पण पालकांना प्रत्येक वेळी उच्चारच हवा असतो असे नाही. एइकेनच्या तिसऱ्या श्रेणीपासून पुढे तोंडी मुलाखत असते. तिची तयारी, व्याकरण नीट समजावणे, निबंध तपासणे, इंग्रजीतून गणित किंवा विज्ञान शिकवणे, कंपनीतल्या इंजिनीअरला सादरीकरणासाठी तयार करणे ही कामे उच्चारापेक्षा शिकवण्याच्या हातोटीवर चालतात. भारतीय सहकाऱ्यांबरोबर काम करणाऱ्या जपानी नोकरदारांना तर भारतीय इंग्रजी कानाला सवयीची व्हावी असे वाटते. ‘सगळ्यांना इंग्रजी’ अशा जाहिरातीपेक्षा ‘एइकेन मुलाखतीची तयारी’ ही जाहिरात अशा शिक्षकाला जास्त उपयोगी पडते.

विद्यार्थी प्रत्यक्षात मिळतात कुठे?

पहिला विद्यार्थी बहुधा ओळखीतूनच येतो : मुलाच्या शाळेतले पालक, शेजारी, जोडीदाराचे सहकारी. भारतीयांची मोठी वस्ती असलेल्या टोकियोतल्या एदोगावा भागात ही साखळी लवकर तयार होते. याच भागातून योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये स्थानिक सभेवर निवडून आले होते. आजूबाजूला सीबीएसई अभ्यासक्रमाच्या भारतीय शाळा असल्याने बीएड झालेल्यांना तिथेही विचारणा करता येते.

त्यापलीकडे पालिकेशी जोडलेली आंतरराष्ट्रीय मैत्री मंडळे आणि ‘कोमिनकान’ ही समाजकेंद्रे उपयोगी ठरतात. कोमिनकानच्या खोल्या स्वस्त असतात, पण नफ्यासाठी वर्ग चालवायला तिथे सहसा मनाई असते. म्हणून शिकणारेच मंडळ स्थापन करतात, खोली त्यांच्या नावावर घेतात आणि शिक्षकाला मानधन देतात. आजी-आजोबांच्या वयाचे नियमित विद्यार्थी अशा मंडळांतच जास्त भेटतात. नोकऱ्यांसाठी जानेवारी ते मार्च हा काळ महत्त्वाचा, कारण जपानचे शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते.

फी किती आणि कशी घ्यावी?

खासगी शिकवणीला तासाला साधारण २ ते ४ हजार येन मिळतात. शहर, विद्यार्थ्याचे वय आणि परीक्षेची तयारी यांवर आकडा बदलतो. एक तास ‘ताइकेन’ म्हणजे चाचणी वर्ग देण्याची पद्धत आहे. त्यानंतर ‘गेश्शा’ म्हणजे महिन्याची फी आगाऊ घेतली जाते. वर्ग रद्द करायचा तर किती आधी कळवायचे आणि कॅफेत शिकवल्यास कॉफीचे पैसे कोणी द्यायचे, हे पहिल्याच दिवशी लिहून दिले की नंतर अवघडल्यासारखे होत नाही. प्रवासाचा वेळही धरावा. एका तासाच्या शिकवणीसाठी दोन तास लोकलमध्ये गेले, तर हाती फारसे उरत नाही.

एकाच वर्गावर अवलंबून राहावे का?

२००७ मध्ये ‘नोव्हा’ ही जपानमधली सर्वांत मोठी एइकाइवा साखळी दिवाळखोरीत गेली. हजारो परदेशी शिक्षकांचे पगार थकले आणि आगाऊ फी भरलेल्या विद्यार्थ्यांचे पैसे अडकले. शिक्षकांनी यातून घ्यायचा धडा असा, की पगाराची तारीख, सुट्टीच्या महिन्यातला पगार, प्रवासखर्च आणि नोटिशीची मुदत करारात वाचून घ्यावी.

कर आणि विम्याचे काय?

व्यवसायाच्या उत्पन्नाचे विवरणपत्र फेब्रुवारीच्या मध्यापासून १५ मार्चपर्यंत भरायचे असते. रोख फी मिळाली तरी नोंद ठेवावी लागते. हीच नोंद पुढे व्हिसाच्या मुदतवाढीत उपयोगी पडते. जोडीदाराच्या कंपनीच्या आरोग्य विम्यात अवलंबित म्हणून राहायचे असेल, तर वार्षिक उत्पन्न साधारणपणे १३ लाख येनांच्या आत असावे लागते. ही रेषा थोडीशीच ओलांडली तर स्वतःच्या विम्याचा आणि पेन्शनचा हप्ता भरावा लागतो आणि जास्त शिकवून हातात कमी उरते.

शेजारणीने विचारले, तर उत्तर ‘हो’ असायला हरकत नाही. फक्त वर्गाची तारीख परवानगी हातात आल्यानंतरची असावी.