जुन्या जीपचे स्टेअरिंग उतरवताना घाई नको

जुन्नर-आंबेगाव पट्ट्यातल्या जुन्या मंडळींना गटविकास अधिकाऱ्याची जीप चांगलीच आठवत असेल. १९५२ साली देशात सामुदायिक विकास योजना सुरू झाली. १ मे १९६२ रोजी राज्यात पंचायत समित्या आल्या. धुळीच्या रस्त्याने वाडीवस्तीवर सरकार पोहोचले ते बहुधा जीपमधूनच. महिंद्र कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत अमेरिकेच्या विलीज जीपची जुळणी सुरू केली, पुढे ती इथेच तयार होऊ लागली. कामातून बाद झालेली अशी एखादी जीप आजही कुणाच्या गोठ्याशेजारी उभी दिसते. आणि घरातला पोरगा म्हणतो, "आजोबांची गाडी आहे, पुन्हा चालू करू."

हौस चांगली आहे. रंगात, सीटमध्ये, हुडात थोडे इकडे-तिकडे झाले तर बिघडत नाही. स्टेअरिंगमध्ये मात्र जुगाड चालत नाही. माळशेज घाटाच्या किंवा भीमाशंकर रस्त्याच्या वळणावर स्टेअरिंगने दगा दिला, तर सावरायला वेळ मिळत नाही. यातले बरेचसे नुकसान गाडी चालवताना होत नाही, ते स्टेअरिंग उतरवतानाच होते.

आतली रचना

जुन्या विलीज पद्धतीच्या जीपमध्ये चाकापासून खालच्या स्टेअरिंग बॉक्सपर्यंत एकच सलग रॉड असतो. त्याच्या खालच्या टोकाला स्क्रूसारखे आटे असतात. या आट्यांत दोन निमुळत्या मेखा बसतात. चाक फिरले की मेखा आट्यांतून सरकतात, बॉक्सबाहेरचा ड्रॉप आर्म हलतो आणि ड्रॅग लिंकमार्फत पुढची चाके वळतात. म्हणजे वरून हाणलेला हातोडा रॉडमधून थेट या आट्यांवर आणि बेअरिंगवर बसतो. चाक जाम झाले म्हणून रॉडच्या टोकावर घाव घालणे किंवा गॅस कटरने रॉड कापणे, हे दोन्ही म्हणूनच वर्ज्य समजावे.

उतरवण्याचा क्रम

१) गाडी सपाट जागेवर उभी करावी, चाकांना दगड किंवा ठोकळे लावावेत. पुढची चाके सरळ ठेवावीत. बॅटरीची तार सोडावी, कारण हॉर्नची तार स्टेअरिंगमधूनच जाते.

२) हॉर्नचे बटण काढून ती तार सोडवावी. चाकाचा नट ढिला करावा, पण पूर्ण काढू नये, दोन-तीन आटे अडकलेले राहू द्यावेत. चाक आणि रॉड यांवर खूण करून पुलर लावावा. चाक एकदम सुटले तरी नटामुळे तोंडावर येत नाही. पुलर नसेल तर तालुक्याच्या गॅरेजमधून तासाभरासाठी आणावा. हाताने हिसके दिले तर जुन्या चाकाला तडा जातो.

३) ड्रॅग लिंक सोडवावी. ड्रॉप आर्म आणि त्याचा शाफ्ट यांवर छिन्नीने बारीक खूण करावी, मग तोही पुलरनेच काढावा. एक दात जरी इकडे-तिकडे बसला तरी गाडी एका बाजूला कमी आणि दुसऱ्या बाजूला जास्त वळते.

४) डॅशबोर्डखालची पकड आणि पायाजवळची पत्र्याची झाकणपट्टी काढावी. जागा अपुरी पडली तर मडगार्ड सोडावे. शेवटी चासीवरचे बॉक्सचे बोल्ट काढून बॉक्ससकट सगळा रॉड बाहेर घ्यावा. याला दोन माणसे लागतात, एक वर आणि एक खाली.

ड्रॅग लिंक सुटल्यावर स्टेअरिंग गरागरा फिरवून शेवटच्या टोकाला आपटू नये. मेखा आणि आटे दोन्ही दुखावतात. नट-बोल्ट वेगवेगळ्या डब्यांत ठेवून वर चिठ्ठी लावावी. जोडताना हीच चिठ्ठी कामाला येते.

काय तपासावे

बॉक्स उघडल्यावर आटे नीट पुसून बघावेत. मधल्या भागात खड्डे किंवा पापुद्रे दिसले तर तो रॉड बदलावा. गाडी बहुतेक वेळ सरळच चालते, म्हणून झीज मध्ये जास्त होते. हे ओळखूनच आटे मध्ये थोडे घट्ट ठेवलेले असतात. त्यामुळे बाजूच्या झाकणावरचा स्क्रू चाके सरळ असतानाच लावायचा असतो. चाक एका बाजूला वळवून स्क्रू घट्ट केला तर स्टेअरिंग मध्ये येताना अडकते. झाकणाखालच्या पातळ पत्र्याच्या चकत्या हरवू नयेत, बेअरिंगचा ताण त्यांच्यावर ठरतो.

बॉक्समध्ये गिअर ऑईल भरावे. ग्रीस भरून भागवू नये. ते बाजूला सरकते आणि आटे कोरडे राहतात.

वाकलेला रॉड ठोकून सरळ करणे किंवा तुटलेला वेल्डिंगने जोडणे धोक्याचे आहे. हा सलग रॉड चालकाच्या छातीकडे रोखलेला असतो. समोरून धडक झाली की मागे सरकणारा रॉड जीव घेऊ शकतो. म्हणूनच अमेरिकेत १९६८ पासून नव्या मोटारींना स्टेअरिंगच्या सुरक्षेचे नियम लागू झाले आणि धडकेत दबणारे कॉलम आले. आपल्या जुन्या जीपमध्ये ती सोय नाही. निदान आहे तो रॉड तरी सरळ आणि पक्का असावा.

जोडल्यावर सर्व स्प्लिट पिना नव्या घालाव्यात. आधी शेतात, मग गावच्या रस्त्यावर, आणि सगळे बोल्ट पुन्हा तपासूनच घाटात, असा क्रम ठेवावा.

कागदपत्रांचे काय?

जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांचे नियम काढले. पन्नास वर्षांपेक्षा जुनी, व्यापारी वापरात नसलेली आणि चासी, बॉडी, इंजिनात मोठा बदल न केलेली गाडी त्यात बसते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे. पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण, त्याचे ५,००० रुपये. पण अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती निघू शकते. जीपमधून नारायणगावच्या बाजारात टोमॅटो न्यायचे असतील, तर ही नोंदणी उपयोगाची नाही. रोजच्या वापरासाठी नेहमीच्या नोंदणीचे नूतनीकरण आणि गाडीची तपासणी करून घ्यावी लागते. कोणता मार्ग धरायचा, हे खर्चाला हात घालण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारून ठरवावे.

मिस्त्रीकडे गाडी दिली तरी मालकाने वरच्या खुणा स्वतः पाहाव्यात. पुलर आणला का, एवढे विचारले तरी निम्मे काम झाले.